पदराची उलटी बाजू: खरेदीची ॲप बनवणाऱ्यांना एका ब्लाउज शिवणारीचं खुलं पत्र

रील आणि लाइव्ह व्हिडिओवरून कपडे विकणारी ॲप बनवणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीत ब्लाउज शिवते. जिन्याखालची दहा बाय आठची जागा, दोन शिलाई मशिनं, एक पिकोचं आणि भिंतीवर दोऱ्याच्या रिळांची फळी. या धंद्याला 22 वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमचा माल रोज माझ्या हातून जातो. पार्सल दारात पडलं की तुमच्या पडद्यावर हिरवी खूण उमटते आणि तुमच्यापुरता विषय मिटतो. माझा तिथून सुरू होतो. गिऱ्हाईक पिशवीतून साडी काढून टेबलावर ठेवतं आणि आधी एवढंच म्हणतं, "ताई, व्हिडिओत वेगळी दिसत होती हो."

पूर्वी हे वाक्य महिन्यातून एखाद्या वेळी कानावर यायचं. आता दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात दिवसातून दोनतीनदा येतं.

साडी कुठून घेतली विचारलं की उत्तर असायचं दादर, ठाणे, नाहीतर स्टेशनजवळचं अमुक दुकान. आता दुकानाचं नाव कोणी सांगत नाही, बाईचं सांगतात. "ती नाही का, मधेमधे चहा पीत साड्या दाखवते, तिच्या लाइव्हमधून." ॲप कुठलं म्हणून विचारलं तर निम्म्या जणींना आठवत नाही. ही गोष्ट तुम्हाला माझ्या आधी कळली, म्हणून तुम्ही अख्खं ॲप त्या रीलवाल्या ताईंभोवती बांधलंत. मला त्यात गैर काही वाटत नाही. माणसाच्या शब्दावर माल घ्यायची आपली खोड जुनी आहे. माझी आजी बोहारणीशी तासभर हुज्जत घालायची, पण दुसऱ्या बोहारणीला दारात उभं करायची नाही.

पण तुम्ही दुकान उचलून फोनमध्ये आणताना दुकानदार आणि ताई आणल्यात, गिऱ्हाईक बाहेरच राहिलं. साडीच्या दुकानात गादीवर बसलेली बाई काय करते, कधी नीट बघितलंय? ती तीनच गोष्टी सांगते. एक, पदर उघडा. दोन, जरा उलटा करा. तीन, थांबा, दारात उजेडात नेऊन बघते. चौथी गोष्ट किंमत, ती शेवटी. तुमच्या ॲपवर किंमत सगळ्यात आधी येते, तिच्यावर काट मारलेली दुसरी किंमत असते, आणि या तीन गोष्टींसाठी बटणच नाही.

उलटा करण्यावरूनच सांगते. माझ्या भाच्याचा साखरपुडा ठरला, तेव्हा वहिनीने एका ॲपवरच्या लाइव्हमधून पैठणी मागवली. 1,899 रुपये. व्हिडिओत ताई छातीला हात लावून सांगत होत्या, "शंभर टक्के हातमागाची, येवल्याहून थेट." वहिनी साडी घेऊन फॉल लावायला माझ्याकडे आली. मी पदर उलटला. मागे सुटे, कापलेले धागे, नुसती दाढी वाढलेली. हातमागावर विणलेल्या पैठणीच्या पदराचं वैशिष्ट्यच हे की मोर असो, आसावलीची वेल असो, दोन्ही बाजूंनी जवळपास सारखंच दिसतं, कारण एकेक रंगाचा धागा हाताने गुंतवत नेलेला असतो. मशिनवर ती नक्षी वेगळ्या तऱ्हेने उठते आणि मागे धागे लोंबतात, मग ते कातरतात. यंत्रमागाची साडी वाईट असते असं मी म्हणत नाही. रोजच्या वापराला छान असते, मीही नेसते. पण ती हातमागाची म्हणून विकायची नाही. महिना-महिना लावून विणलेली रेशमी साडी त्या भावात कशी येईल, हे वहिनीलाही कळत होतं. तरी घेतली. मी विचारलं का, तर म्हणाली, "ताई, ती इतकी मनापासून सांगत होती."

मग मी तो व्हिडिओ बघितला. एक तास चाळीस मिनिटं. दोनदा. पहिल्यांदा साडी सापडलीच नाही, कारण "नंबर 14" म्हणून दाखवलेली साडी खाली लिंकमध्ये नंबर 9 होती. दुसऱ्यांदा सापडली. एकूण दोन मिनिटं दाखवली होती. पदर पुढून दाखवला, काठ दाखवला, खांद्यावर टाकून दाखवला. उलटा एकदाही केला नाही. आणि बाजूने वर सरकत जाणाऱ्या कमेंट्समध्ये तीन वेगवेगळ्या बायकांनी लिहिलं होतं, "मागची बाजू दाखवा ना ताई." तिन्ही वेळा बदामांच्या आणि फुलांच्या पुरात ते वर वाहून गेलं.

त्या तिघींचं तुम्ही काय केलंत? दुकानात तीन बायका एकच गोष्ट मागायला लागल्या तर दुकानदाराला उठावं लागतं. तुमच्याकडे अशी सोय का नाही की तोच प्रश्न तिघींनी विचारला की ताईंच्या समोर मोठ्या अक्षरात थांबून राहील, उत्तर दिल्याशिवाय हलणार नाही, आणि उत्तर दिलेला तो दहा सेकंदांचा तुकडा त्या साडीच्या पानावर कायमचा चिकटेल? हसरे चेहरे आणि बदाम मोजण्याचं काम तुम्ही इतकं चोख करता. प्रश्न मोजणं त्याहून अवघड नसावं.

तसंच लाइव्ह संपल्यावर प्रत्येक साडीला तिच्यापुरता तुकडा कापून जोडा. एक तास चाळीस मिनिटांत बोटाने मागेपुढे करत साडी शोधणं म्हणजे धान्याच्या पोत्यात पडलेली सुई. आणि साडी, कुर्ता, ड्रेस मटेरियल काहीही असो, विकायला ठेवण्याआधी चार दृश्यं सक्तीची करा: पदर नाहीतर कपडा पूर्ण उघडलेला, उलटी बाजू, दिवसाच्या उजेडात आणि रात्रीच्या ट्यूबखाली. ताईंच्या चेहऱ्याला जो फिल्टर लावायचा तो लावू द्या, चेहरा त्यांचा आहे. कापडाला लावू नका. तो गोल दिवा आणि वर तो गुळगुळीत करणारा फिल्टर, या दोघांत डाळिंबी रंगाचा गुलाबी होतो आणि जाड पोत लोण्यासारखा दिसतो. शुद्ध रेशमाला सिल्क मार्कचं लेबल आहे, हातमागाच्या कापडाला हँडलूम मार्कचं. विकणारा शुद्ध रेशीम किंवा हातमाग म्हणत असेल तर त्या लेबलचा जवळून काढलेला फोटो मागा. नसेल, तर पानावर "लेबल दाखवलेलं नाही" एवढं लिहा. बाकीचं आम्ही बघून घेऊ.

रंगाचा विषय निघालाच आहे. तुमच्या शोधायच्या चौकटीत "चिंतामणी रंगाची साडी" लिहून बघा. मी लिहिलं. गणपतीच्या मूर्ती आल्या. "आमसुली" लिहिलं तर कोकम. "मोरपंखी"ला खरोखरची मोरपिसं, फुलदाणीसकट. राणी, अंजिरी, मोतिया, लिंबोळी, रामा, अबोली, हे शब्द डोंबिवलीपासून नांदेडपर्यंत प्रत्येक साडीच्या दुकानात रोज चालतात. तुमच्याकडे सगळ्यांना मिळून "वाइन", "टील" आणि "मल्टिकलर". तुमच्या यादीत रंगांचे हे शंभरेक मराठी शब्द घालायला एका माणसाला एक आठवडा पुरे, आणि तो माणूस साडीच्या गादीवर बसलेला हवा, संगणकावर नव्हे. रोमन अक्षरांत लिहिलं तरी ओळखा, बोलून सांगितलं तरी ओळखा. माझ्याकडे येणाऱ्या साठीच्या पुढच्या बहुतेक जणी फोनवर टाइप करतच नाहीत, माइक दाबून बोलतात.

मराठीबद्दल आणखी थोडं. तुमच्यातल्या काहींनी मराठीचं बटण दिलंय, त्याबद्दल धन्यवाद, पण ते दाबल्यावर जे येतं ते वाचून बायका परत इंग्रजीकडे वळतात. "नंतरसाठी वाचवा." कोणापासून वाचवायचं? "बाजूला ठेवा" म्हणा ना, दुकानात आपण तेच म्हणतो. "आपला आदेश प्रक्रियेत आहे" वाचून माझ्या एका गिऱ्हाइकाला कलेक्टर ऑफिसचं पत्र आल्यासारखं वाटलं. ऑर्डर, रिफंड, पार्सल, पिकअप हे शब्द आम्हाला कळतात, ते तसेच राहू द्या. वाक्य मराठी करा. माझा मुलगा तुमच्याच क्षेत्रात नोकरी करतो. तो सांगत होता की यूट्यूबने 2021 मध्ये सिमसिम नावाचं आपल्याकडचं व्हिडिओ बघून खरेदी करायचं ॲप विकत घेतलं, तेव्हा त्यातले व्हिडिओ हिंदी, तमिळ आणि बंगालीत होते. मराठी रांगेत मागे असते याची आम्हाला सवय आहे. पण व्हिडिओतल्या ताई अस्सल मराठीत, कधी अहिराणीत, कधी मालवणीत बोलतात म्हणूनच माल खपतो ना तुमचा? मग विकताना आमची भाषा, आणि तक्रार करताना इंग्रजी, हे कसं?

आता मापं. हा माझा प्रांत आहे, त्यामुळे थोडं लांबलं तर चालवून घ्या.

व्हिडिओतली मुलगी म्हणते, "मी मीडियम घातलाय, एकदम परफेक्ट बसतो." बसतो, कारण मागे चिमटे लावलेले असतात. मी पैज लावून सांगते, पुढून कुर्त्याची कमरेशी अशी सरळ घडी पडली की मागे चिमटा असतोच. शिवाय ती पाच फूट सहा इंच, आणि घेणारी चार फूट अकरा. तुमच्या मापांच्या तक्त्यात "एल" म्हणजे एका विकणाऱ्याकडे 38 आणि दुसऱ्याकडे 42. आणि खरी गोम पुढे आहे. तक्त्यातला आकडा अंगाचा की तयार कपड्याचा, हे कुठेच लिहिलेलं नसतं. 40 छातीच्या बाईला 40 चा तयार कुर्ता घातला तर श्वास घ्यायला जागा राहत नाही. शिवताना आम्ही दोनतीन इंच जास्तीचे धरतोच. हा एक शब्द, "अंगाचं माप" किंवा "कपड्याचं माप", तक्त्याच्या डोक्यावर लिहिला तर माझ्याकडे उसवायला येणारे निम्मे कुर्ते कमी होतील. (माझं नुकसान आहे यात, पण असो.)

छाती आणि कंबर सोडून दोन मापं कोणीच देत नाही: मुंढा, म्हणजे खांद्याशी बाही जोडतात तो गोल, आणि दंडाचा घेर. चाळिशीनंतर कपडा अडतो तो तिथेच. छाती बरोबर असते, बाही वर चढत नाही. आणि मार्जिन. आत किती कापड सोडलंय, अर्धा इंच की दीड, हे सांगितलं तर बाई ठरवू शकेल की थोडा घट्ट असला तरी घ्यावा, टेलरकडून सैल करून घेता येईल. साडीला म्हणाल तर लांबी साडेपाच मीटर आणि ब्लाउजपीस वेगळा 80 सेंटिमीटर, की सगळं मिळून साडेपाच? मला सव्वापाचच्या साड्याही आल्यात, निऱ्या चार पडतात आणि चालताना पाय अडकतो. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, किती, 44 इंच की 47? उंच बाईला हे कळायला हवं. नऊवारीची तर बातच सोडा, "नऊवारी" म्हणून शिवलेली रेडिमेड येते आणि बाईला हवी असते नेसायची.

यावर उपाय मी तुम्हाला शिकवायला नको. घेणारीला एकदाच तिची पाच मापं विचारून ठेवा, इंची टेप कुठे धरायची ते चित्रात दाखवून. मग प्रत्येक व्हिडिओखाली तिला सांगा: दाखवणारीची उंची अमुक, तिने घातलेला साइज अमुक, तुमच्या मापाच्या बायकांनी काय ठेवलं आणि काय परत केलं ते अमुक. ताईंना कपडा शोभतो हे आम्ही बघतोच आहोत. पाच फुटांच्या, 42 छातीच्या बाईला तो कसा बसला हे बघायला मिळत नाही. तिचा फोटो कितीही साधा असो, मागे बादल्या आणि वाळत घातलेले टॉवेल दिसोत, तो वर ठेवा.

दुसरी एक गोष्ट तुम्ही कधीच विचारत नाही: कधी लागणार? दुकानदार पहिलं हेच विचारतो. नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग असतात. मंगळवारची साडी बुधवारी आली तर ती पुढच्या वर्षापर्यंत कपाटात जाते. संक्रांतीची काळी साडी संक्रांतीनंतर कोण नेसतं? लग्नाच्या साडीला तर माझे आठ दिवस धरायला हवेत: फॉल, पिको, ब्लाउज, अस्तर धुऊन आटवून घेणं. तुमच्याकडे "शनिवारपर्यंत मिळेल" असं येतं आणि शुक्रवारी रात्री ते गुपचूप "बुधवारपर्यंत" होतं. बाईला तारीख घालू द्या. त्या तारखेच्या आधी पोचणार नसेल तर पैसे घेण्याआधी सांगा, तेवढंच.

आणि त्या उलट्या धावणाऱ्या घड्याळाबद्दल मला खरोखर राग आहे. "फक्त 2 शिल्लक", "4 मिनिटं 59 सेकंद". घड्याळ संपलं की ते परत चार एकोणसाठवर सुरू होतं, हे मी बसून बघितलंय. कायदा यावर गप्प नाही, आणि तो तुम्हाला माझ्याहून चांगला माहीत असणार. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या, ज्याला तुम्ही डार्क पॅटर्न म्हणता, 13 प्रकारांवर बंदी घातली. खोटी घाई हा त्यातलाच एक. टोपलीत न मागितलेली वस्तू सारणं, शेवटच्या पायरीवर भाव वाढवणं, आणि "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत" असं बटण ठेवून बाईला लाज आणणं, हेही त्याच यादीत आहे. वहिनीच्या बिलात पार्सलच्या विम्याचे 29 रुपये लागले होते. चौकोनात टिक आधीच मारलेली होती.

जाहिरातीची खूण तशीच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये साफ सांगितलं की पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन कोणी मालाची शिफारस करत असेल तर ते ठळक आणि सोप्या भाषेत, ज्या भाषेत बोलतोय त्याच भाषेत सांगायचं, आणि लाइव्ह असेल तर पूर्ण वेळ पडद्यावर दिसत राहायला हवं. मी बघितलेल्या त्या व्हिडिओत डाव्या कोपऱ्यात करड्या रंगात इंग्रजीत दोन अक्षरं होती, आणि त्यांच्यावर बदामाचं बटण. "जाहिरात" हा शब्द तिसरीतल्या पोराला वाचता येतो. तो लिहा. आणि धीर असेल तर पुढे हेही लिहा: "या साडीच्या विक्रीवर ताईंना टक्केवारी मिळते." बायका घ्यायच्या थांबणार नाहीत. माझ्याकडे अस्तराचं कापड घेतलं तर मला त्यात चार पैसे सुटतात, हे प्रत्येकीला माहीत आहे, तरी घेतात.

पैशांचं आणि पत्त्याचं पटकन सांगून टाकते. पुष्कळ घरांत फोन बाईचा आणि कार्ड नवऱ्याचं किंवा मुलाचं असतं. ती ओटीपी विचारायला फोन करते, तोवर तुमचं पान उडतं. "घरच्यांकडे पैशांची विनंती पाठवा" असं एक बटण, आणि तोवर साडी अर्धा तास बाजूला ठेवलेली. पत्त्यात सात चौकटींऐवजी "गिरणीसमोर, दत्त मंदिराच्या मागची चाळ" असं बोलून ठेवायची सोय द्या, डिलिव्हरीवाला पोरगाही दुवा देईल.

आता वहिनीच्या परतीकडे येते, कारण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते इथे आहे.

साडी परत करायची म्हटल्यावर ॲपने कारण विचारलं. यादीत होतं: साइज बसत नाही, खराब झालेली वस्तू, चुकीची वस्तू, विचार बदलला. "सांगितलं एक, दिलं एक" हे कारणच नाही. वहिनीने शेवटी "साइज बसत नाही" निवडलं. साडीचा साइज! ते तुमच्या संगणकाने निमूट मान्यही केलं. न्यायला येणारा माणूस दोनदा आलाच नाही, तरी "ग्राहक घरी नव्हते" असा मेसेज आला. ताईंना मेसेज केला तर म्हणाल्या, मी फक्त दाखवते, कंपनीला विचारा. कंपनीने विकणाऱ्याकडे बोट दाखवलं, विकणाऱ्याचं नाव होतं पण फोन नव्हता. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढायची असते. त्या अधिकाऱ्याचं नाव ॲपमध्ये शोधायला मला सहा पायऱ्या उतराव्या लागल्या, तेही इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. मग 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला आणि तक्रार नोंदवली. पैसे परत आले, साखरपुडा झाल्यावर नऊ दिवसांनी. साखरपुड्याला वहिनी माझी जुनी नारायणपेठ नेसली.

आणि तो व्हिडिओ? तो अजून आहे. आजही त्याखाली "लगेच घ्या" आहे. बदाम वाढलेत. वहिनीची साडी परत गेली याचा मागमूस त्यावर नाही. पुढची बाई तो व्हिडिओ बघेल तेव्हा तिला तेच दिसेल जे वहिनीला दिसलं होतं.

तुम्ही म्हणाल, ते जोडता येत नाही. येतं. आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी कुर्त्यांची रीलं करते. चांगली मुलगी आहे, खोटं बोलत नाही, कापड बघायला माझ्याकडे घेऊन येते. तिने मला तिच्या बाजूचं पान उघडून दाखवलं. तिच्या लिंकवरून किती गेले, किती परत आले, प्रत्येक व्हिडिओमागे आकडा. तिची टक्केवारी परतीची मुदत संपल्यावरच जमा होते आणि परत आलेल्या मालाची वजा होते. एका रीलवरून 41 कुर्ते गेले होते, 17 परत. ती म्हणाली, "काकू, मला कळलं असतं का परत येतायत तर मी ते रील काढलं असतं." कारण तिलाही दिसत नाही. तिला फक्त आकडा, आमच्यासारख्यांना तोही नाही.

म्हणजे हिशोब तुमच्याकडे आहे. टक्केवारी कापायला तो व्हिडिओपर्यंत बरोबर पोचतो. मग साडी घेणाऱ्या बाईच्या पडद्यावर का पोचत नाही?

माझी मागणी एवढीच आहे. परत आलेली प्रत्येक वस्तू ज्या व्हिडिओने विकली त्या व्हिडिओवर परत जाऊ द्या. "या व्हिडिओवरून घेतलेल्या दर दहांपैकी चार परत आल्या. मुख्य कारण: रंग वेगळा." असं, बदामांच्या शेजारी, बदामांच्याच आकाराच्या अक्षरात. कारणांची यादी आमच्या बोलण्यातली करा: रंग वेगळा, कापड पातळ, ब्लाउजपीस नाही, सांगितलं ते नाही, वेळेवर आली नाही. आणि तीच कारणं रील करणारीलाही कळवा, म्हणजे आमच्या बिल्डिंगमधल्या मुलीसारखी जी प्रामाणिक आहे ती पुढच्या वेळी विकणाऱ्याला सुनावेल, किंवा तो माल हातातच घेणार नाही. ठरावीक संख्येपुढे परत यायला लागलं की व्हिडिओखालचं "लगेच घ्या" बंद करा. ताईंना राग येईल. आला तर येऊ द्या. गादीवरच्या दुकानदारालाही साडी परत आली की राग येतो, पण ती साडी तो त्याच दिवशी दुसऱ्या गिऱ्हाइकापुढे "एकदम टॉप" म्हणून टाकत नाही. निदान सगळ्यांसमोर तरी नाही.

तुमच्यापैकी कोणाला हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर माझ्याकडे या. तुमच्या ऑफिसात मोठी खोली, काचेची भिंत, त्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून "वापरणाऱ्याचा प्रवास" काढतात असं मुलगा सांगतो. माझ्याकडे एक स्टूल आहे. पितृपक्षात आलात तर मला बोलायला वेळ असेल, तेव्हा लोक नवं काही घेत नाहीत. पण खरं बघायचं तर दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात या. स्टुलावर बसा, चहा मी मागवीन, काही बोलू नका, फक्त पिशव्यांतून काय निघतं आणि बायका काय म्हणतात ते ऐका. येताना तुमच्याच ॲपवरच्या लाइव्हमधून मागवलेली एक साडी घेऊन या, पार्सल न फोडता. आपण ते टेबलावर फोडू.

दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं.

आपली,
डोंबिवलीची एक ब्लाउज शिवणारी